चौरस आणि आयत

गेर्डा तारो आणि रॉबर्ट कापा या युद्धछायाचित्रकारांची गोष्ट सांगायला सोपी आहे, आणि चित्र काढणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. जर्मनीतून पळून आलेली मुलगी, हंगेरीतून आलेला मुलगा, १९३४ सालचं पॅरिस, दोघांच्या खिशात दमडी नाही. तो तिला कॅमेरा शिकवतो, ती त्याला नीट दाढी करायला आणि टाय बांधायला लावते. दोघं स्पेनच्या यादवी युद्धावर जातात. जुलै १९३७ मध्ये ती तिथे मरते तेव्हा तो पॅरिसमध्ये असतो, आणि बातमी त्याला वर्तमानपत्रात वाचायला मिळते. पुढे २५ मे १९५४ ला इंडोचायनात भूसुरुंगावर पाय पडून तोही जातो. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मग चित्राने करायचं काय?

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापायची चित्रं, करते. आमच्या मुद्राचित्रकारांच्या गटाने प्रदर्शनासाठी 'जोडी' हा विषय काढला. कुणी बैलजोडी घेतली, कुणी विठ्ठल-रखुमाई, एकाने जोतीराव-सावित्रीबाई. मी तारो आणि कापा म्हटल्यावर "ती रणगाड्याखाली गेली तीच ना?" असा प्रश्न आला. तिच्याबद्दल ज्यांना काही म्हणून ठाऊक असतं त्यांना नेमकं एवढंच ठाऊक असतं.

सुरुवातीची रेखाटनं सगळी प्रेमाची होती. फ्रेड स्टाइन नावाच्या त्यांच्या मित्राने पॅरिसच्या कॅफे द्यू दोममध्ये टिपलेला दोघांचा एक फोटो आहे. ती मनापासून हसतेय आणि तो तिच्याकडे बघतोय. कापाने काढलेला एक फोटो आहे, त्यात ती झोपलीय. आणखी एकात ती स्पेनमधल्या रस्त्याकडेच्या दगडावर डोकं टेकून विसावलीय, दगडावर 'पी' आणि 'सी' ही अक्षरं. यांवरून केलेली रेखाटनं देखणी होत होती, कॅलेंडरवर शोभली असती. पण त्या सगळ्यांत ती बघितली जाणारी बाई होती. जी बाई स्वतः बघत होती, त्या बघण्यापायीच जिचा जीव गेला, तिचा पत्ता नव्हता. म्हणून ठरवलं की तिचे फोटो आधी नीट बघायचे, कापाने काढलेले तिचे फोटो मागाहून.

हे आता शक्य आहे, पूर्वी नव्हतं. १९३९ मध्ये जर्मन फौजांचं सावट पॅरिसवर आलं तेव्हा कापाचा बुडापेस्टपासूनचा मित्र आणि डार्करूम सांभाळणारा चिकी वाइस याने स्पेनच्या निगेटिव्ह पाठपिशवीत भरल्या आणि सायकलवरून बोर्दोचा रस्ता धरला. पुढे त्या मेक्सिकोच्या एका मुत्सद्द्याकडे पोचल्या आणि गडप झाल्या. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे आल्या त्या तीन पुठ्ठ्याच्या खोक्यांत: कापा, तारो आणि त्यांचा मित्र चिम, तिघांच्या मिळून सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह. जगाने त्याला 'मेक्सिकन सूटकेस' म्हटलं, पण सूटकेस त्यात कुठेच नाही. वाइस स्वतः नंतर मेक्सिको सिटीतच राहायला गेला, चित्रकार लिओनोरा कॅरिंग्टनशी लग्न केलं, म्हातारा झाला, आणि खोकी त्याच शहरात असताना त्यांचा मागमूस न लागता २००७ च्या जानेवारीत वारला. यावर वेगळं चित्र होईल, पण ते दुसऱ्या कुणीतरी करावं.

एका मित्राने त्या निगेटिव्हचा कॅटलॉग आणून दिला. त्यात रोलच्या रोल क्रमाने छापलेत. गाजलेल्या एखाद्या फोटोच्या आधी काय होतं, नंतर काय, फोटोग्राफर किती पावलं पुढे सरकला, कधी खाली बसला, हे सगळं कळतं. मी महिनोन्महिने भिंग घेऊन त्यातच होते. एक नियम करून टाकला: कुठलाही फोटो ट्रेस करायचा नाही. बघायचं, पुस्तक मिटायचं, आणि लक्षात राहील तेवढंच काढायचं.

मला धागा मिळाला तो कॅमेऱ्यांच्या आकारात. स्पेनला गेले तेव्हा, ऑगस्ट १९३६ मध्ये, त्याच्याकडे लायका होता, डोळ्याला लावायचा, २४ बाय ३६ मिलिमीटरच्या आडव्या चौकटीचा. तिच्याकडे कमरेशी धरून वरून आत डोकवायचा, चौरस निगेटिव्हचा कॅमेरा. त्यामुळे त्या पहिल्या काही महिन्यांत कुठला फोटो कुणाचा हे आकारावरूनच सांगता येतं: आयत असेल तर त्याचा, चौरस असेल तर तिचा. कमरेवरून बघितल्यामुळे तिच्या फोटोंतली माणसं उंच वाटतात, मागे आभाळ जास्त येतं. बार्सिलोनाजवळच्या वाळूवर पिस्तुलाचा सराव करणारी मिलिशियातली बाई बघा. एक गुडघा टेकलेला, हात ताठ, आणि पायात उंच टाचांचे बूट. इतक्या खालून बघणारी नजर नसती तर त्या टाचा कुणाच्या डोळ्यांत भरल्या नसत्या.

अशा कॅमेऱ्याच्या काचेवर दृश्य डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस उजवीकडे पळाला तर काचेवर तो डावीकडे पळतो. आणि लिनोवर चित्र कोरायचं तेही उलटंच, कारण छापल्यावर ते फिरतं. मी टेबलावर लिनो ठेवून त्या बाईचं रेखाटन उलटं उतरवून घेत होते तेव्हा हे ध्यानात आलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. लिनोच्या तुकड्यावर मला जे दिसत होतं ती तारोने काचेत बघितलेली बाजू होती. छापून निघेल ते वाळूवर प्रत्यक्षात घडलेलं. इतकी वर्षं उलटं कोरणं म्हणजे नुसता त्रास वाटायचा, आरशात बघून खात्री करत बसायची सवय. या कामात आरसा बाजूला ठेवला.

मग ठोकळे ठरले. लायकाच्या चौकटीच्या दहापट, म्हणजे २४ बाय ३६ सेंटिमीटरचा एक आयत, आणि तेवढ्याच उंचीचा, २४ बाय २४ चा, एक चौरस. दोन्ही एकाच कागदावर एकावर एक छापायचे. विषय घेतला सप्टेंबर १९३६ चा, कोर्दोबाच्या आघाडीवरचा. सेर्रो मुरियानो नावाच्या गावातून माणसं लेकराबाळांसह पळून निघाली होती. दोघांनी तो लोंढा टिपला, एकमेकांच्या आसपासच उभं राहून. त्याच दिवसांतला, त्याच भागातला, गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचा कापाचा जगप्रसिद्ध फोटो आहे. तो खरा की जमवून आणलेला, यावर आजवर शाई आटली नाही. मी त्याच्या वाटेला गेले नाही. पळणारी माणसं मला पुरेशी होती.

ज्यांनी लिनो हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी: हे जवसाचं तेल आणि बुचाची भुकटी तागाच्या कापडावर बसवून केलेलं असतं. थंडीत कडक होतं, चिरताना कडेने कपचे उडतात. आमच्याकडच्या मे महिन्यात मात्र गच्चीवर थोडा वेळ ठेवलं की गाऊज, म्हणजे कोरणी, सरसर जातं. मी 'व्ही' आकाराच्या बारीक गाऊजने रेषा घेते आणि 'यू'ने मैदान साफ करते. कोरलं ते पांढरं राहतं, सोडलं ते छापलं जातं. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, जरा जाड. प्रेस एका कलामहाविद्यालयाचा, सुट्टीत वापरायला मिळालेला.

आयत निळसर करड्यात, चौरस तांबूस तपकिरीत. शाईत पारदर्शक बेस भरपूर घातला, म्हणजे खालचं वरून दिसेल. जिथे दोन्ही ठोकळे एकमेकांवर येणार तिथे तिसरा, जवळजवळ काळा रंग व्हायचा होता. पहिल्या प्रुफात तो झाला, पण त्या काळ्यात माणसंच बुडाली. डोक्यावरचं गाठोडं कुठलं, मूल कुठलं, काही कळेना. कोरलेली रेघ परत भरता येत नाही, तेव्हा वाट एकच होती: दोन्ही ठोकळ्यांतून आणखी काढत जायचं. आयतातल्या एका म्हातारीच्या पाठीवर मला अभिमान वाटावा अशी रेषांची जाळी होती. ती उडवली, कारण तिच्यावर चौरसातल्या मुलीचा चेहरा येत होता. मग मुलीच्या मागचं खेचर अर्धं काढलं, कारण आयतातला रस्ता तिथून जात होता. हे करताना मनात सारखं यायचं की प्रत्यक्षात दोघं उभे असताना असंच होत असणार: तू तिकडून घे, मी इकडून घेते, माझ्या चौकटीत येऊ नकोस. शेवटी हाती आलं त्यात आयताच्या एका टोकाला बारा सेंटिमीटरची करडी पट्टी उघडी राहते. तिथे एकटा कापा आहे. चौरस मात्र संपूर्ण आयताच्या पोटात आहे. लोक मला विचारतात, हे मुद्दाम का. मुद्दाम. सत्तर वर्षं तिचे फोटो त्याच्या नावातच गेलेले होते.

त्याचं कारणही गमतीशीर आहे. 'रॉबर्ट कापा' हा माणूस मुळात नव्हताच. त्याचं खरं नाव एंद्रे फ्रीडमन, तिचं गेर्टा पोहोरिल्ले. निर्वासित ज्यू पोराचे फोटो कोण विकत घेणार? म्हणून १९३६ मध्ये दोघांनी मिळून एक श्रीमंत, नामांकित अमेरिकन फोटोग्राफर रचला, कापा त्याचं नाव. फोटो फ्रीडमन काढणार, ती एजंट म्हणून संपादकांना विकणार, आणि साहेब मोठे म्हणून दर चढा. तिने त्याच वेळी स्वतःला 'तारो' करून घेतलं, पॅरिसमध्ये असलेल्या तारो ओकामोतो या जपानी चित्रकाराच्या नावावरून. म्हणजे कापा ही दोघांची मिळून केलेली करामत होती, पण पुढे ते नाव एकाच्या अंगाला चिकटलं. १९३७ मध्ये तीही लायका वापरू लागली, तेव्हा आकारावरून ओळखण्याची सोय गेली आणि घोटाळा वाढला.

आपल्याकडे याची चुलत बहीण सापडते. होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे.त शिकलेल्या, पुढे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान मिळालेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावावर छापून येत. मात्र त्या नव्वदीपलीकडे जगल्या आणि आपलं श्रेय आपल्या डोळ्यांनी पाहून गेल्या. तारोला सत्तावीसही मिळाली नाहीत.

तिच्या कामातला मला सगळ्यांत कठीण गेलेला भाग व्हॅलेन्सियाचा. मे १९३७ मध्ये तिथे बॉम्बहल्ला झाला, त्यानंतर ती रुग्णालयाच्या शवागारात गेली. आत फरशीवर प्रेतं. बाहेर लोखंडी फाटकाला लागून माणसांची गर्दी, आपलं माणूस आत आहे का ते कळावं म्हणून. तिने दोन्ही टिपलं. मी फाटक घेतलं. लिनोत गज कोरायला सोपे, दोन सरळ रेघा आणि मधलं सोडून द्यायचं. पण गज काळे ठेवले तर मागचे चेहरे पांढरे करावे लागत, आणि चेहरे म्हणजे मुखवटे दिसू लागत. गज पांढरे केले तर तुरुंगासारखं न दिसता पडद्यासारखं दिसे. बऱ्याच खटाटोपानंतर एक युक्ती सापडली: गजांची फक्त एक कड पांढरी ठेवली, उजेड बाजूने आल्यासारखी, आणि चेहऱ्यांवर फक्त डोळ्यांखालची आणि ओठांखालची सावली सोडली. एका बाईची बोटं गजाला धरलेली आहेत. नखं कोरली नाहीत, बोटांची पेरं तेवढी. त्या ठोकळ्याला रंग नाही, काळी शाई आणि कागद. प्रेसच्या रुळाने बोटांवरची बारीक रेघ दाबली जायची म्हणून ही एक छाप मी प्रेसवर न घेता लाकडी चमच्याच्या पाठीने, हाताने घासून घेतली. मनगटाला आठवडाभर लेप लावावा लागला.

मरण काढायचं की नाही, यावर गटात वादावादी झाली. घडलं ते असं. माद्रिदजवळ ब्रुनेतेला प्रजासत्ताकाच्या फौजांनी ६ जुलैला चढाई सुरू केली होती. २५ जुलैला माघारीची पळापळ चालली होती, वरून विमानं. तारो आणि टेड अ‍ॅलन नावाचा कॅनडाचा तरुण दिवसभर खंदकात होते. जखमींनी भरलेली, प्रजासत्ताकाच्या बाजूच्या जनरल वॉल्टरची मोटार मिळाली, आत जागा नव्हती, म्हणून ती दाराखालच्या पट्टीवर उभी राहिली. ताबा सुटलेला रणगाडा येऊन मोटारीवर आदळला. तो रणगाडा शत्रूचा नव्हता, स्वतःच्याच बाजूचा होता. दुसऱ्या दिवशी पहाटे एल एस्कोरियलच्या रुग्णालयात ती गेली. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये अंत्ययात्रा निघाली, हजारो माणसं होती, आणि तो तिचा सत्ताविसावा वाढदिवस होता. पेर लाशेझमधल्या तिच्या कबरीचं काम अल्बेर्तो जाकोमेत्तीने केलं, त्यावर एक पक्षी आहे.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं, रणगाडा नसेल तर गोष्ट पूर्ण कशी होणार? मला ते पटत नाही. ती प्रेमापायी गेली नाही, हौतात्म्याच्या थाटातही गेली नाही. पळापळीतल्या अपघातात गेली, जशी युद्धात असंख्य माणसं जातात. रणगाडा काढला की तो चित्राचा नायक होतो, लोखंडाचं हे असंच असतं. मी ब्रुनेतेचं चित्र केलंच नाही.

त्याऐवजी शेवटचं काम खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या टाइपात केलं. त्यांच्या फोटोंच्या पाठीमागे शिक्के मारलेले असत. आधी एकट्या कापाच्या नावाचा, १९३७ च्या सुरुवातीला 'कापा आणि तारो', आणि मग थोड्याच काळात 'फोटो तारो'. सहा-सात महिन्यांतला हा बदल मला त्यांच्या सगळ्या पत्रव्यवहारापेक्षा बोलका वाटतो. आमच्या गावात एका गृहस्थांकडे अजून ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र आहे, देवनागरी खिळ्यांच्या केसेस आहेत, आणि ते स्वतः जुने जुळारी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या हयातभराच्या कामात लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं. मी तीन शिक्क्यांचा मजकूर लिहून दिला. त्यांनी स्टिकमध्ये खिळे लावले, दोरी आवळली, प्रूफ काढलं आणि तिन्ही ओळी एकाखाली एक बघून चष्मा वर केला.

"बाई, हे दुकान कुणाचं?"

"दोघांचं होतं अण्णा."

"मग भागीदारी मोडली म्हणायची. पयला त्यो एकटा, मग दोघं, मग ही एकटी."

"मोडली नाही. तिने स्वतःचंही नाव लावायला सुरुवात केली."

"पयल्यापास्नंच लावायचं की," अण्णा म्हणाले आणि रुळाला शाई द्यायला वळले.

ते प्रूफ तसंच प्रदर्शनात लावलं, अण्णांच्या अंगठ्याच्या ठशासह.

प्रदर्शनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बैलजोडी सगळ्यात आधी विकली गेली. व्हॅलेन्सियाच्या फाटकापुढे लोक थांबत, दोन रंगांच्या छापेपुढे डोकं तिरकं करत. बऱ्याच जणांना वाटलं की छपाईत जुळणी हुकलीय. एक गृहस्थ मात्र सगळं वाचून, परत पहिल्यापासून बघून, माझ्याकडे आले. मूळचे नागपूरचे. म्हणाले, "मॅडम, स्पेनला आपलाही एक माणूस गेला होता. हुद्दार."

मला हे नाव नवं होतं. गोपाळ मुकुंद हुद्दार, बाळाजी म्हणून ओळखले जाणारे. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. बालाघाटच्या दरोड्याच्या खटल्यात तुरुंगवास झाला. पुढे पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून थेट आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये, म्हणजे स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांत. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाला प्रजासत्ताकाविरुद्ध लढणाऱ्या फ्रँकोच्या फौजेच्या हाती सापडले, सान पेद्रोच्या छावणीत कैद भोगली, सुटून त्याच वर्षी मुंबईला परतले, आणि पुढे कम्युनिस्ट झाले. नागपूर ते गांदेसा हा प्रवास कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने परत पाठवला असता. आणि स्पेनमध्ये त्यांनी घेतलेलं नाव होतं जॉन स्मिथ.

फ्रीडमनचा कापा, पोहोरिल्लेची तारो, हुद्दारांचा जॉन स्मिथ. आता हा तिसरा मला स्वस्थ बसू देत नाही. ते काम एकाच ठोकळ्याचं करणार आहे, आणि नाव पुन्हा खिळ्यांतच छापायचं आहे. अण्णांकडे गेले तर त्यांनी केस उपसून बघितली. चोवीस पॉइंटात अर्धचंद्राचा खिळा उरलेला नाही म्हणाले, 'जॉन' हवा असेल तर छत्तीसात घ्या, आणि कागद मोठा आणा.